वारणेच्या उगमाकडे पायी



विषय जंगलात पायी फिरण्याचा आहे, पण सुरुवात मी ऊसतोडीपासून करणार आहे. दसरा-दिवाळी झाली की आपल्या धारूर तालुक्यातून टोळ्या निघतात आणि त्यातल्या अनेक सांगली-कोल्हापूरच्या फडांत उतरतात. आपल्या किती माणसांनी वारणाकाठचा ऊस तोडला असेल! ज्या पाण्यावर तो ऊस वाढतो ते पाणी कुठून येतं, हे बघायला मात्र आपण जात नाही. जायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

वारणा नदी पाटण तालुक्यात, पाथरपुंज-प्रचितगडाच्या डोंगरात उगम पावते आणि सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते. मध्ये तिच्यावर चांदोलीचं ३४.४ टीएमसीचं धरण आहे. धरणामागच्या वसंतसागर जलाशयाला वेढून उभं आहे ते चांदोलीचं जंगल. १९८५ मध्ये ते अभयारण्य झालं, २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि २०१० मध्ये कोयनेसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा ठरवलं, त्यात महाराष्ट्रातली चार होती: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी.

आपला बालाघाट आणि तो सह्याद्री, दोन्ही एकाच काळ्या कातळाचे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे. फरक केला पावसाने. आपल्याकडे वर्षाला सहा-सातशे मिलिमीटर पडला तर आपण समाधान मानतो. घाटमाथ्यावर पाच हजारांच्या पुढे जाणं नेहमीचं. म्हणून इथे त्या कातळावर सीताफळ, धावडा आणि पानगळीचं रान दिसतं, आणि तिथे बारमाही हिरवी अंजनी, जांभूळ, पिसा. धारूरच्या मुलाने हे दोन्ही डोंगर एका वर्षात पायाखाली घातले, तर पावसाचा धडा त्याला वेगळा शिकवावा लागणार नाही.

आता आखणी. पावसाळ्यात उद्यान बंद असतं, आणि ते योग्यच आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चालायचा काळ. आपल्याकडून केज, कळंब, बार्शी, पंढरपूर करत सांगली, तिथून शिराळा आणि मग वारणावती; हा एक पूर्ण दिवस प्रवासात जातो, तो चालण्याच्या हिशेबात धरू नका. मणदूरच्या बाजूने आत प्रवेश आहे. मात्र हा व्याघ्र प्रकल्पाचा गाभा आहे. मनात आलं की कुठूनही शिरावं, असं तिथे चालत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा त्याला आड येतो, आणि यावाच. आतला बराच प्रवास वाहनाने होतो आणि वनखातं परवानगी देईल तिथेच, वाटाड्याबरोबर, पायी उतरता येतं. त्यामुळे परवानगी आधी, गाडी नंतर. ज्यांना खरी चढण हवी त्यांनी कोकणातून, संगमेश्वर तालुक्यातल्या शृंगारपूरहून प्रचितगड चढावा. त्यालाही वनखात्याची परवानगी लागतेच. वाट खडी आहे, शेवटी शिडी आहे. गुडघे दुखत असतील तर हा बेत करू नये.

तरुण मंडळी विचारतात, किती किलोमीटर चालायचं? माझं स्पष्ट मत आहे: कमी. दिवसाला चार-पाच पुरे. मोठ्या चालीत जंगल नुसतं मागे पडत जातं. एका अंजनीपाशी थांबा. तिची पानं जाड, चकचकीत. फुलायच्या दिवसांत, उन्हाळ्याच्या तोंडावर, निळ्या-जांभळ्या इवल्या फुलांचे झुबके थेट फांदीलाच चिकटून येतात. खालचा पाचोळा हलकेच बाजूला करा. वरचा थर करकरीत, त्याखालचा मऊ, त्याखाली पांढऱ्या बुरशीच्या तंतूंनी बांधलेली काळी ओलसर माती. माथ्यावर पडलेलं पाणी ही माती धरते आणि सावकाश ओढ्याला सोडते. पाऊस थांबल्यावरही ओढे वाहतात ते यामुळे. पाहून झालं की पाचोळा परत सारखा करा.

कपडे मातकट किंवा हिरवे घाला. अत्तर नको, स्पीकर तर मुळीच नको. बूट जुने, पायाला बसलेले. भाकरी-ठेचा चालेल, पण कागदाचा कपटाही माघारी आणायचा. वाघ दिसेल या आशेने जाऊ नका. शेकरूचं घरटं, गव्याचा खूर, अस्वलाने उकरलेलं वारूळ, हे वाचता आलं तरी पुष्कळ.

एक गोष्ट वाटाड्याला आवर्जून विचारा: इथली गावं कुठे गेली? आधी धरणाने आणि नंतर अभयारण्याने इथली माणसं उठवली. झाडीत घरांची जोती आहेत, भातखाचरांचे बांध आहेत, माणसाने लावलेले आंबे आहेत. माजलगाव धरणात गावं गेलेली आपण पाहिली आहेत, म्हणून हे आपल्याला लवकर कळेल. या जंगलाची किंमत कोणी मोजली, हे ठाऊक नसताना त्याची हिरवाई नुसती वाखाणणं मला बरोबर वाटत नाही.

शाळांना माझी विनंती आहे की सहल नेताना हंगामी वसतिगृहातली मुलं आधी धरा. त्यांतल्या अनेकांचे आई-वडील त्याच नदीच्या खालच्या अंगाला कोयत्यावर असतात. वनखात्याच्या परवानगीचा अर्ज ऑक्टोबरमध्येच करा. फड कुठे पडला आहे ते मुकादमाला विचारून घ्या, आणि परतीच्या वाटेवर अर्धा दिवस मोकळा ठेवा, म्हणजे मुलांना कोपीवर जाऊन घरच्यांना भेटता येईल.