पाच मिनिटांचे भाषण व त्याचा प्रस्ताव



गावात सभा भरते तेव्हा बोलणारे बहुधा ठरलेले असतात आणि ऐकणारेही ठरलेलेच असतात. स्वागत, प्रास्ताविक, सत्कार आणि अध्यक्षीय समारोप यांत सायंकाळ सरते. ज्यांनी शेतात किंवा घरात एखादी युक्ती वर्षानुवर्षे पारखून घेतली आहे, ती माणसे मागच्या रांगेत बसून मुकाट्याने घरी परततात. त्यांचे ज्ञान त्यांच्यापाशीच राहते आणि ही हानी साऱ्या गावाची असते.

महाराष्ट्राला व्याख्यानांची परंपरा नवी नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला सर्वश्रुत आहे. अशा दीर्घ व्याख्यानांची थोरवी निर्विवाद होय. तथापि तासभर बोलण्याची तयारी थोड्यांचीच असते. पाच मिनिटे बोलण्याचे धैर्य मात्र पुष्कळांना करता येते.

या विचाराचे उत्तम उदाहरण जपानात सापडते. क्लाइन आणि डायथॅम या वास्तुशिल्पज्ञांनी २००३ साली टोकियो येथे ‘पेचाकुचा’ नावाची सभा सुरू केली. या जपानी शब्दाचा अर्थ गप्पाटप्पा असा आहे. प्रत्येक वक्त्याने २० चित्रे दाखवावयाची, प्रत्येक चित्र २० सेकंदच पडद्यावर राहावयाचे. म्हणजे ६ मिनिटे ४० सेकंदांत भाषण संपलेच पाहिजे. चित्र आपोआप पुढे सरकते, वक्त्यासाठी थांबत नाही. २००६ साली अमेरिकेतील सिॲटल शहरात ‘इग्नाइट’ या सभेने चित्रे २० च ठेवून प्रत्येकास १५ सेकंद दिले आणि भाषण बरोबर ५ मिनिटांचे केले. दोन्ही प्रथा पुढे अनेक देशांत पसरल्या.

गावातील विचारसभेस पडदा व चित्रे हवीतच असे नाही. एक घड्याळ आणि शाळेची घंटा पुरे. बारा वक्त्यांची भाषणे एका तासात होतात आणि प्रश्नोत्तरांसाठी वेळही उरतो. परंतु सभेचे यश त्या सायंकाळी ठरत नाही. ते आधी मागविलेल्या प्रस्तावांत ठरते.

प्रस्ताव चार ओळींचा असावा. विषय कोणता, तो स्वतः कोठे अनुभवला, श्रोत्यास त्यातून काय करता येईल आणि सभेत काय दाखविले जाईल, एवढे त्यात यावे. ‘शेतीचे महत्त्व’ हा प्रस्ताव नव्हे, तो केवळ मथळा आहे. त्याउलट एखादी भातशेती करणारी भगिनी सांगेल : “पेरणीपूर्वी दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात भाताचे बी टाकावे. पोकळ दाणे तरंगतात, ते काढून टाकावेत. तळाशी बसलेले बी स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन सावलीत वाळवावे. सभेत हे बादलीत करून दाखवीन.” हा खरा प्रस्ताव होय. ऐकणारा दुसऱ्याच दिवशी तो करून पाहू शकतो.

येथेच शिक्षकाचे कर्तव्य सुरू होते. लेखी प्रस्तावाचाच आग्रह धरला तर ज्यांचे बोलणे ऐकावयाचे, तेच मागे राहतील. यास्तव शिक्षकाने अशा माणसाच्या घरी जावे, त्याचे म्हणणे ऐकावे आणि त्याच्याच शब्दांत उतरून घ्यावे. भाषा सजविण्याचा मोह टाळावा. नंतर एकदा घड्याळ लावून सराव करून घ्यावा. संथ बोलण्यात मिनिटाला सुमारे शंभर शब्द होतात; पाच मिनिटांत पाचशे. एवढ्यात एकच गोष्ट नीट सांगता येते, दोन सांगू लागल्यास दोन्ही अपुऱ्या राहतात. नमन गाळावे आणि मूळ गोष्टीपासूनच प्रारंभ करावा.

निवड करताना वक्त्याचे वक्तृत्व किंवा प्रतिष्ठा पाहू नये, गोष्टीची उपयुक्तता पाहावी. स्त्रिया, कारागीर व मजूर यांची नावे यादीत आहेत की नाहीत, हे अवश्य तपासावे. घंटा सर्वांसाठी एकाच वेळी वाजली पाहिजे. सरपंचांसाठी ती उशिरा वाजली, तर पुढच्या सभेस मागच्या रांगेतील माणूस उठणार नाही. ती वेळेवर वाजली, तर गावाला एक नवा वक्ता मिळेल आणि शाळेतील मुलांना आपल्या आईबापांच्या ज्ञानाची ओळख पटेल.