पदार्थविज्ञानाचें उदाहरण आणि मदतीची रीत



महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षांत पाऊल टाकणारीं पुष्कळ मुलें अभ्यासू असतात. पूर्वींच्या परीक्षांत त्यांनीं उत्तम गुणही मिळविलेले असतात. तरी पदार्थविज्ञानाचीं उदाहरणें समोर येतांच त्यांची गति खुंटते. सूत्रें पाठ असतात, व्याख्यान समजलेलें असतें, आणि कागद मात्र कोरा राहतो. अशा वेळीं मदत मागण्यांत कमीपणा कांहींच नाहीं. प्रश्न एवढाच कीं, विद्यार्थ्यानें मागावयाची ती मदत कोणती, आणि घरांतील वडील भावंडानें अथवा मित्रानें द्यावयाची ती किती? आज या प्रश्नाचा थोडा विचार करावयाचा आहे.

तयार उत्तर मिळविणें आतां अत्यंत सोपें झालें आहे. उत्तरांचीं पुस्तकें पूर्वींही होतीं. आज संगणकास प्रश्न घातला कीं, क्षणार्धांत सबंध रीत पडद्यावर उमटते. परंतु उतरवून घेतलेल्या रीतीचें फळ काय, हें अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंतील संशोधकांनीं २०१० सालीं प्रसिद्ध केलेल्या एका निबंधांत दाखविलें आहे. पदार्थविज्ञानाच्या आरंभीच्या वर्गाचा गृहपाठ त्यांनीं तपासला. मुदत जसजशी जवळ येई, तसतशी नक्कल वाढे. आणि वारंवार नक्कल करणारे विद्यार्थी, सत्र पुढें जाई तसे, परीक्षेंतील त्याच जातीच्या उदाहरणांत इतरांच्या मागें पडत. क्वचितच नक्कल करणारे बहुसंख्य विद्यार्थी मुदतीपूर्वींचे तीन दिवस नेमानें काम करीत. वारंवार नक्कल करणारे आरंभीं फारसे श्रमच घेत नसत. नक्कलेचें निकटचें कारण वेळेची ओढाताण हें असावें, असा या संशोधकांचा निष्कर्ष आहे. तेव्हां पहिली गोष्ट ही कीं, मदत मागावयाची ती आदल्या रात्रीं नव्हे, तर हातीं दोन-तीन दिवस असतांना.

आतां एक उदाहरण घेऊं. ६० किलोग्रॅम वस्तुमानाचा एक मनुष्य लिफ्टमध्यें वजनकांट्यावर उभा आहे. लिफ्ट वर जात आहे, पण तिचा वेग दर सेकंदास २ मीटर दर सेकंद इतका कमी होत आहे. तर कांटा त्या मनुष्यास किती बलानें वर ढकलतो?

धाकटा भाऊ बहिणीकडे येऊन म्हणतो, “ताई, माझें उत्तर ७०८ न्यूटन येतें, पुस्तकांत ४६८ दिलें आहे.” बहिणीनें पेन्सिल घेऊन उदाहरण करून दाखविलें, तर दोन मिनिटांत काम संपेल, परंतु चूक कोठें झाली, हें त्याला कधींच कळणार नाहीं. म्हणून ती म्हणते, “आधीं आकृति काढ. त्या माणसावर कोणकोणतीं बलें आहेत?”

“पृथ्वीचें खालीं, कांट्याचें वर, आणि लिफ्टच्या गतीचें वर.”

“पहिलें बल पृथ्वी देते, दुसरें कांटा देतो. हें तिसरें कोण देतें?”

मुलगा विचारांत पडतो. देणारा कोणीच सांपडत नाहीं, म्हणून आकृतींतील तिसरा बाण तो आपल्याच हातानें पुसून टाकतो. मग बहीण विचारते, “वेग वरच्या दिशेस आहे खरा; पण तो वाढतो कीं घटतो?” तो घटतो, अर्थात् त्वरण खालच्या दिशेस आहे, हें मुलाच्या ध्यानांत येतें. पृथ्वीचें बल ६० गुणिले ९.८, म्हणजे ५८८ न्यूटन. खालच्या दिशेस ६० गुणिले २, म्हणजे १२० न्यूटन इतकें बल शिल्लक राहिलें पाहिजे. म्हणून कांट्याचें बल ४६८ न्यूटन.

येथें बहिणीनें उत्तराचा एक अंकही सांगितला नाहीं. गति आहे तेथें गतीच्या दिशेस बल असलेंच पाहिजे, ही नवशिक्या मनांतील जुनी समजूत तिनें एका प्रश्नानें उघडी केली. “हें बल कोण देतें?” हा प्रश्न गतिशास्त्राच्या प्रत्येक आकृतीला विचारण्याजोगा आहे.

उत्तर आल्यावरही एक काम उरतें. लिफ्टचा वेग कायम राहिला तर? कांटा ५८८ न्यूटन दाखवील. दोर तुटून ती मोकळी खालीं पडूं लागली तर? शून्य. दोन्ही उत्तरें आपल्या समजुतीशीं जुळतात, म्हणून रीतीवर विश्वास बसतो. हंगेरींत जन्मलेले गणिती जॉर्ज पोल्या यांनीं १९४५ सालच्या आपल्या पुस्तकांत उदाहरण सोडविण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: प्रश्न समजून घेणें, योजना आंखणें, ती पार पाडणें, आणि मागें वळून पाहणें. घाईच्या विद्यार्थ्याकडून पहिली व चौथी या दोनच बहुधा गळतात.

१९८१ सालीं मिशेलिन ची, फेल्टोविच व ग्लेझर या संशोधकांनीं एक मार्मिक गोष्ट नोंदविली. पदार्थविज्ञानाच्या उदाहरणांची वर्गवारी करावयास सांगितली असतां, नवशिके उतरणीचीं एकीकडे व कप्पीचीं दुसरीकडे, अशी दिसणाऱ्या वस्तूंवरून वांटणी करीत. जाणते मात्र तत्त्वावरून करीत, उदाहरणार्थ ऊर्जेच्या अक्षय्यतेचीं एका बाजूस व न्यूटनच्या दुसऱ्या नियमाचीं दुसऱ्या. म्हणून “या उदाहरणाचें सूत्र कोणतें?” असें विचारण्यापेक्षां “येथें कोणतें तत्त्व लागू पडतें, आणि कां?” असें विचारावें.

मदत मागणाऱ्यानें आपला खाडाखोडीचा कागदही बरोबर न्यावा. “मला येत नाहीं” एवढेंच न म्हणतां, “येथवर आलों, पुढें ही पायरी कळत नाहीं” असें सांगावें. मदत मिळाल्यावर दुसऱ्या दिवशीं तेंच उदाहरण कोऱ्या कागदावर, कांहींही न पाहतां, पुन्हां करावें. तें जमलें नाहीं, तर पुन्हां विचारावें.

आणि वडील मंडळींस एकच विनंति. दुसऱ्यांदां विचारावयास आलेल्या मुलास “एवढेंही येत नाहीं?” असें म्हणूं नये. त्या एका वाक्यानें मूल विचारणें सोडतें, उतरवून घेऊं लागतें, आणि ज्या शास्त्राची त्याला खरोखर आवड होती, तें शास्त्र आपल्यासाठीं नाहीं असें मनाशीं ठरवून बसतें. त्याचा कागद हातीं घ्यावा, आणि आकृति कोठें आहे, एवढें प्रेमानें विचारावें.