बुटक्यांच्या गढीतील विहीर

दिवेलागणीच्या सुमारास रायपूरच्या गोल बाजारात शिरलेला नवखा मनुष्य बहुधा एकदा तरी फसतो. नावातच गोलाई असलेल्या या पेठेत भांड्यांची दुकाने मागे टाकून, पूजेचे साहित्य आणि लग्नसराईचा माल यांच्या गर्दीतून वाट काढीत, आपण पुष्कळ दूर आलो अशा समजुतीने तो मान वर करतो, आणि समोर पुन्हा मघाचीच भांडी चकाकत असतात. दुकानदार हसतो, नवखाही हसतो. ही चूक कोणाच्या जिवावर बेतत नाही. वाट विचारली की ती तेथेच मिटते.

याच पेठेतील एका दुकानात दिवसभर हिशेब लिहिणारा एक तरुण श्रोत्यांनी कल्पनेने डोळ्यांपुढे आणावा. त्याचे घर तात्यापाऱ्यात. घरची भाषा मराठी, पण भोसल्यांच्या अमदानीपासून छत्तीसगडात स्थायिक झालेल्या घराण्यांची असते तशी, हिंदीच्या शेजाराने किंचित सैलावलेली. दिवसा त्याच्या वहीत एका रुपयाची चूक सापडायची नाही. रात्री मात्र संगणकाच्या पडद्यावर तो एका भूमिगत गढीचा अधिपती असतो, आणि तेथे त्याच्या हातून जे प्रमाद घडतात ते दुसऱ्या दिवशी दुकानात सांगण्याची त्याला लाज वाटते.

या खेळाचे नाव ‘ड्वॉर्फ फोर्ट्रेस’, म्हणजे बुटक्यांची गढी. अमेरिकेतील टार्न ॲडम्स आणि झॅक ॲडम्स या दोघा भावांनी २००२ साली त्याची उभारणी आरंभिली आणि २००६ च्या ऑगस्टमध्ये तो सर्वांना विनामूल्य खुला केला. टार्न हे स्टॅनफर्ड विद्यापीठाचे गणितातील डॉक्टर. पण विद्यापीठाची वाट सोडून ते या बुटक्यांच्या मागे लागले, आणि खेळणाऱ्यांनी स्वखुशीने पाठविलेल्या देणग्यांवर दोघा भावांनी वर्षानुवर्षे निर्वाह केला. प्रारंभी या खेळात चित्र म्हणून नव्हतेच. सारे विश्व अक्षरांचे आणि चिन्हांचे. ‘सी’ हे अक्षर सरकले की मांजर चालले असे समजायचे, मोठा ‘ई’ दिसला की हत्ती आला म्हणून दारे लावायची. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने २०१२ साली या खेळाला आपल्या संग्रहात स्थान दिले. चित्रे असलेली विक्रीची आवृत्ती निघाली ती २०२२ च्या डिसेंबरात.

खेळाचा प्रारंभ अगदी साधा. सात बुटके, एक गाडी आणि निर्मनुष्य डोंगर. डोंगर पोखरायचा, आत दालने करायची, शेती पिकवायची, मद्य गाळायचे. मद्याविना बुटक्याचा हात चालत नाही, ही त्या जगाची एक घटनात्मक तरतूद आहे. पुढे ऋतूमागून ऋतू नवे बुटके वस्तीला येतात, व्यापारी येतात, शत्रूही येतात. जिंकणे असे काही नाहीच. प्रत्येक गढी केव्हा ना केव्हा बुडायची, म्हणून ‘हरण्यातच मौज आहे’ हे खेळणाऱ्यांचे ब्रीदवाक्य होऊन बसले आहे.

आता या गढ्या बुडतात कशा? शत्रूच्या हातून बुडतात तेव्हा त्याचे पोवाडे होतात. परंतु पुष्कळशा बुडतात त्या अधिपतीच्या हुकुमाने, आणि येथूनच लाजेचा प्रांत सुरू होतो. काही चुका केवळ वेंधळेपणाच्या असतात. कोणी निघताना सर्व सामान बांधतो आणि कुऱ्हाड विसरतो. मग चहूंकडे अरण्य असून घरात काडी नाही. कोणी वृक्षांवर प्राणापलीकडे प्रेम करणाऱ्या वनवासी एल्फ व्यापाऱ्यांपुढे मोठ्या प्रेमाने लाकडी वस्तू मांडतो, आणि ते संतप्त होऊन चालते होतात. कोणी मांजरांकडे दुर्लक्ष करतो. तेथील मांजर मालक निवडते, मालक मांजर निवडत नाही. एकदा त्याने कोणाला आपले मानले की त्याला हात लावण्याची सोय उरत नाही, आणि दोनचार वर्षांत गढीत बुटक्यांपेक्षा मांजरे जास्त होतात. भिंत बांधणारा बुटका भिंतीच्या कोणत्या बाजूस उभा राहून काम करतो हे न पाहिल्यामुळे तो भिंतीपलीकडे चिणला जातो, ही तर इतकी नित्याची गोष्ट आहे की तिचे कोणी दुःखही फार वेळ करीत नाही.

खुद्द निर्मात्यांचीही या लाजेतून सुटका झालेली नाही, ही खेळणाऱ्यांना मोठ्या समाधानाची बाब वाटते. २०१५ साली गढीत मद्यगृहे आली आणि पाठोपाठ मांजरे मरू लागली. शोध घेता असे आढळले की जमिनीवर सांडलेले मद्य मांजरांच्या पायांना लागे, मांजरे स्वभावधर्माप्रमाणे अंग चाटीत, आणि गणितात राहिलेल्या एका चुकीमुळे प्रत्येक चाटण्यासरशी जणू भरलेला प्यालाच त्यांच्या पोटात जाई. यातील प्रत्येक नियम स्वतंत्रपणे बरोबर होता. गफलत होती ती केवळ मापात. ज्याने दिवसभर माप आणि वजन यांचा हिशेब ठेवला आहे, अशा गोल बाजारातील माणसाला या मांजरांची गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

परंतु या हलक्याफुलक्या चुका झाल्या. खरी लाज वेगळ्या जातीची असते, आणि तिचे मूळ त्या जगातील हुकमाच्या पद्धतीत आहे. अधिपती कोणा एका बुटक्याला ‘तू हे कर’ असे सांगत नाही. तो वरून नकाशावर खूण करतो: येथे खणावे, येथे भिंत घालावी, हा खटका ओढावा. जो मोकळा असेल तो येतो आणि ते काम करतो. बुटके आळस करतात, मद्य पितात, रुसतात, प्रसंगी वेडेही होतात. पण हुकूम शहाणपणाचा आहे की नाही हे विचारीत नाहीत. गोल बाजारात एखाद्या हमालाला पोती गळक्या छपराखाली टाकायला सांगून पाहावे. तो पोते पाठीवर तसेच ठेवून म्हणेल, “वहाँ पानी टपकता है, भैया.” त्या एका वाक्याने मालकाचे किती नुकसान रोज वाचत असेल याची नोंद कोणत्याही खातेवहीत नसते. बुटक्यांच्या गढीत हा हमाल नाही.

खटक्यांचेच पाहावे. भिंतीवर एका ओळीत पाच खटके बसविलेले असतात. एकाने उचलता पूल उठतो, एकाने नदीचे दार उघडते, एकाने तप्त शिलारस सुटतो. बसविताना सर्व लक्षात असते. सहा महिन्यांनी कोणता कशाचा हे आठवत नाही, आणि व्यापाऱ्यांचा तांडा पुलावर असताना पूल उठतो. २००६ आणि २००७ मध्ये काही खेळणाऱ्यांनी मिळून ‘बोटमर्डर्ड’ नावाची एक गढी चालविली. प्रत्येकाने एक वर्ष राज्य करायचे आणि कारभार पुढच्याच्या हाती द्यायचा. हत्तींनी त्या गढीला सळो की पळो करून सोडले होते, म्हणून बाहेरच्या मैदानावर शिलारस सोडण्याची यंत्रणा उभी राहिली. तिचा उपयोग झाला, आणि पुढे गढीचा अंतही आग व वेड यांच्यातच झाला. ज्यांनी कचेरीत एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे कार्यभार जाताना पाहिला आहे, त्यांना या कथेत काल्पनिक असे फारसे आढळणार नाही. किल्ल्या मिळतात, यादी मिळते, सही होते. कोणत्या दारामागे काय आहे ते मात्र गेलेल्या माणसाबरोबर जाते.

महाराष्ट्राला तर अशा गढीसाठी परदेशी जाण्याचेही कारण नाही. देवगिरीच्या किल्ल्यातील अंधारी ज्याने पाहिली आहे, त्याने बुटक्यांच्या गढीचे प्रवेशद्वारच पाहिले. डोंगरात खोदलेला तो काळोखा, वळणावळणाचा मार्ग शत्रूला चकविण्यासाठी आहे. आणि याच देवगिरीला दौलताबाद करून महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी दिल्लीहून येथे आणण्याचा हुकूम काढला. सारी दिल्ली ओस पडली अशी कथा रूढ आहे. परंतु मुख्यतः अमीर, उलेमा, कारभारी आणि त्यांचा परिवार यांनाच हलविले गेले असे इतिहासकार सांगतात. काही वर्षांत हा हुकूम मागे घेतला गेला, आणि मराठी भाषेला मात्र ‘तुघलकी कारभार’ हा शब्दप्रयोग कायमचा मिळाला. नकाशावर पाहिले तर तुघलकाचा विचार चुकीचा नव्हता. राज्य दक्षिणेत पसरले होते आणि राजधानी मध्यावर असावी हे कोणालाही पटेल. नकाशावर जे दिसत नव्हते ते म्हणजे शेकडो कोसांची वाट आणि ती तुडविणारे पाय.

तात्यापाऱ्यातील आपल्या तरुणाची चूकही अशीच नकाशावरून झाली. गढीच्या भोजनगृहात एक विहीर असावी अशी त्याची फार दिवसांची हौस. भोजनगृह खोल, नदी वर. नदीपासून बोगदा काढून भोजनगृहाखालच्या हौदात पाणी आणायचे आणि वर विहिरीचे तोंड ठेवायचे, अशी ती योजना. बोगदा नदीजवळ पोहोचला तेव्हा काम थांबले. पडद्यावर सूचना आली की दगड ओलसर लागला आहे, खोदकाम रद्द केले आहे. बुटक्यांच्या राज्यात प्रजेकडून वर जाणारा हा जवळजवळ एकच शेरा, आणि तो वेळेवर आला होता. तरुणाने तो वाचला, पाणी आणायचे तर दगड ओला लागणारच असे मनाशी म्हटले, आणि त्याच जागी पुन्हा खूण केली. खाणकऱ्याने मुकाट्याने कुदळ मारली. तोच पहिला गेला. पाणी बोगद्यातून हौदात उतरले, हौद भरला, आणि मग विहिरीच्या तोंडातून वर येऊन भोजनगृहात पसरू लागले. जेवणाची वेळ होती.

दोन दिवस त्याने घरात कोणाला काही सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी ओसरीवर बसलेल्या काकांपाशी तो घोटाळू लागला. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. धमतरीजवळ मुरूमसिल्ली येथे १९२३ साली पूर्ण झालेले जे धरण आहे, त्याच्या सायफन पद्धतीच्या सांडव्यांविषयी ते तासन्‌तास बोलू शकत.

“काका, एक विचारू तुम्हांला? नदीचं पाणी बोगद्यानं खालच्या हौदात आणलं, वर विहीर ठेवली, तर ते विहिरीतून बाहेर का यावं?”

“नदी वर की विहीर वर?”

“नदी.”

“मग बाहेर येईल नाही तर काय करील? पाणी आपली पातळी गाठल्याशिवाय थांबतंय होय! दार कुठं बसवलं होतंस?”

“दार मागाहून बसवणार होतो.”

काकांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. हा पुतण्याचा रात्रीचा खेळ आहे हे त्यांना ठाऊक होते. तरीही त्यांनी पुढचा प्रश्न विचारला तो चौकशी अहवालात विचारतात तसा.

“खाली माणसं होती?”

“होती. अठरा गेली.”

“कामावरच्या मेटनं काही सांगितलं नव्हतं?”

“सांगितलं होतं. दगड ओला लागला म्हणून त्यांनी काम थांबवलं होतं. मीच पुन्हा लावलं.”

काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “पुन्हा लावलंस, ते तिथं जाऊन पाहून लावलंस की बसल्या जागेवरून?” आणि लगेच त्यांनाच आपल्या प्रश्नाची गंमत वाटली असावी, कारण त्या खेळात तिथे जाऊन पाहण्याची सोय नाही, हे तरुणाने सांगण्यापूर्वीच त्यांनी हात हलवून विषय सोडून दिला. “पाणी आधी काढ,” ते म्हणाले. “मग बाकीचं.”

पाणी काढायला त्याला दोन रात्री लागल्या. नंतरचे काम अधिक रेंगाळले. त्या जगात मृतांना शवपेटी किंवा निदान नावाची शिळा द्यावी लागते, नाही तर ते भुते होऊन जिवंतांना सतावतात. त्याने अठरा शिळा कोरविल्या. प्रत्येकीवर नाव होते, आणि ती नावे त्याने त्या वेळी प्रथमच नीट वाचली. एका बुटक्याला मांजरे आवडत होती. एकीचे मूल वाचले होते.

बोगद्याच्या तोंडाशी दार बसवून झाल्यावर त्याने भोजनगृहाच्या भिंती सजविण्याचा हुकूम दिला, कारण कोरड्या भिंती उघड्या बऱ्या दिसत नव्हत्या. तेथील शिल्पी काय कोरायचे ते स्वतःच ठरवितो आणि गढीत घडलेल्या घटनाही विषय म्हणून घेतो. काम पुरे झाले तेव्हा तरुणाने एकेक भिंत उघडून वर्णन वाचले. पहिल्या भिंतीवर गढीची स्थापना होती, दुसरीवर एक मशरूम. तिसरीवर एक खाणकरी होता, आणि त्याच्या भोवती पाणी.

ते शिल्प नाहीसे करता आले असते. त्याने खूण करण्यासाठी हात पुढे नेला आणि तसाच मागे घेतला. वसंत ऋतू लागला होता. नकाशाच्या कडेला नव्या वस्तीकरांची रांग दिसू लागली होती, आणि त्यांच्यासाठी खाटा तयार नव्हत्या.