डेव्हिड लीन : भव्यता आणि संयम

कलावंताच्या कृतींची प्रतवारी लावताना आकाराने मोठी तीच थोर, असा समज नकळत बळावतो. ब्रिटिश चित्रपट-दिग्दर्शक डेव्हिड लीन यांच्या बाबतीत तर तो रूढच होऊन बसला आहे. त्यांचे नाव निघताच अथांग वाळवंट, बर्फाच्छादित मैदाने आणि कोसळणारा पूल डोळ्यांपुढे उभा राहतो. वस्तुतः १९०८ साली क्रॉयडन येथे जन्मलेल्या आणि १९९१ साली निवर्तलेल्या लीन यांनी सोळा चित्रपट दिग्दर्शित केले. त्यांतील अखेरचे पाचच असे विशाल आहेत. म्हणून क्रम लावण्यापूर्वी माप कोणते घ्यावयाचे, हे ठरविणे अगत्याचे आहे.

ते माप लीन यांच्या पूर्वायुष्यात सापडते. घरचे वातावरण कर्मठ क्वेकर पंथाचे. चित्रपट पाहणे तेथे निषिद्धच. तरीही त्यांनी चित्रपट-स्टुडिओत चहा पोचविणाऱ्या पोऱ्याच्या कामापासून आरंभ केला आणि पुढे ते नामांकित संकलक झाले. दृश्य कोठे थांबवावे, हे ज्याला कळते तोच खरा संकलक. लीन यांचे चित्रपट याच कसोटीवर घासून पाहिले पाहिजेत.

या कसोटीवर पहिला मान १९४५ च्या ‘ब्रीफ एन्काउंटर’ला द्यावा लागतो. एक संसारी स्त्री आणि एक विवाहित डॉक्टर रेल्वे-स्थानकावर भेटतात, प्रेमात पडतात आणि दुरावतात, एवढीच कथा. आरंभी उपाहारगृहात एका कोपऱ्यात बसलेली दोन माणसे दिसतात. एक बडबडी परिचित बाई मध्येच येऊन बसते. तो पुरुष त्या स्त्रीच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवून निघून जातो. प्रेक्षकाला त्यात विशेष काही वाटत नाही. अखेरीस तेच दृश्य पुन्हा येते, तेव्हा तो हात म्हणजे आयुष्यभराचा निरोप होता, हे उमगते. सीलिया जॉन्सन यांच्या चेहऱ्यावर जे उमटते, त्यासाठी शब्दांची गरज उरत नाही.

दुसरा क्रम १९६२ च्या ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’चा. लॉरेन्स जळती काडी फुंकून विझवतो आणि त्याच क्षणी पडद्यावर वाळवंटातला सूर्योदय होतो. मृगजळातील एक काळा ठिपका हळूहळू मोठा होत उंटावरचा स्वार होतो. भव्यता येथे संयमाच्या अंकित आहे. उत्तरार्धात मात्र ती पकड सैल होते.

तिसरा १९४६ चा ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’. स्मशानातील करकरणारी झाडे आणि पोराला अकस्मात पकडणारा कैदी, हे दृश्य डिकन्सच्या वाचकालाही दचकविते. चौथा १९५७ चा ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’. शत्रूसाठी उत्तम पूल बांधण्यात स्वाभिमान शोधणारा कर्नल ॲलेक गिनेस यांनी अविस्मरणीय केला. परंतु पलायनानंतरचा इस्पितळातील प्रणयप्रसंग त्या कथेची धार बोथट करतो.

पाचवा १९८४ चा ‘अ पॅसेज टू इंडिया’. मराठी रसिकांचा या कथेशी विशेष संबंध आहे. मूळ कादंबरीचे लेखक ई. एम. फॉर्स्टर हे १९२१ साली इंदूरनजीकच्या देवास थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी चिटणीस होते. तेथील गोकुळाष्टमीच्या उत्सवावरून त्यांनी कादंबरीचा अखेरचा भाग रचला; त्यात दक्षिणी ब्राह्मण असलेले प्राध्यापक गोडबोले तुकारामांच्या नावाचा गजर करतात. लीन यांनी तो उत्सवच गाळला आणि गोडबोल्यांची भूमिका रंग चढवून गिनेस यांना दिली. कात्री येथे चुकीच्या जागी चालली. व्हिक्टर बॅनर्जी आणि पेगी ॲशक्रॉफ्ट यांचा अभिनय मात्र चित्रपटाला तारून नेतो.

या पाचांच्या मागे राहतो १९७० चा ‘रायन्स डॉटर’. आयर्लंडमधील एका खेड्यातल्या स्त्रीची लहानशी प्रेमकथा तीन तासांहून अधिक पसरली आणि पसाऱ्यातच हरवली. समीक्षकांनी कठोर टीका केली. त्यानंतर चौदा वर्षे लीन यांचा एकही चित्रपट पडद्यावर आला नाही. ज्याने स्थानकावरील उपाहारगृहात अवघे जग दाखविले होते, त्यालाच मोकळ्या समुद्रकिनाऱ्यावर एक माणूस नीट दाखविता येऊ नये, ही त्या अपयशातील खरी शोकांतिका होय.

ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने १९९९ साली तज्ज्ञांची मते घेऊन विसाव्या शतकातील शंभर ब्रिटिश चित्रपटांची यादी केली. तीत कॅरोल रीड यांचा ‘द थर्ड मॅन’ पहिला, ‘ब्रीफ एन्काउंटर’ दुसरा आणि ‘लॉरेन्स’ तिसरा आला. लीन यांच्या दोन कृतींतील हा क्रम यथार्थ आहे. वाळवंट भव्य दिसतेच; खांद्यावरचा हात भव्य करून दाखविणे हे त्याहून अवघड.