बियाण्याचा बोकड

(सातपुड्यातील महिला बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा गोषवारा)

 

आज मी उपदेश करायला उभा नाही, शेळ्यांबद्दल बोलणार आहे. आधी एक विचारतो. पावसाळ्यात पेरायला मका कुठला घेता? चुलीच्या वर धुरात टांगलेल्या कणसांचा. ती कणसं कशी निवडता? सगळ्यांत लांब, दाण्यानं भरलेली. घरात खायला कमी पडलं तरी त्यांना हात लावत नाही. बी खायचं नसतं, हे आपल्याला आजीनं शिकवलं.

मग शेळीच्या बाबतीत उलटं का करतो?

कळपातला अंगानं भरलेला बोकड बकरी ईदच्या आधी व्यापारी घेऊन जातो. मागे राहतो तो खुरटा, ज्याला कोणी भाव दिला नाही तो. तोच माजावर आलेल्या शेळ्यांना लागतो. स्वतःच्या आईला लागतो, बहिणीलाही लागतो. मग करडं बारकी होतात, मरतातही. आपण म्हणतो, आमची जातच बारकी. जात बारकी नाही, मायबहिणींनो. आपण बारकं निवडत आलो.

पवित्र शास्त्रात उत्पत्तीच्या ३० व्या अध्यायात याकोबाची गोष्ट आहे. तो मामाची, लाबानाची मेंढरं राखत होता. सशक्त जनावरांची पिल्लं त्यानं आपल्याकडे केली, अशक्त लाबानाकडे राहिली. आपल्या पाड्यावर व्यापारी याकोब झाला आहे आणि आपण लाबान. फरक एवढाच, की व्यापाऱ्यानं युक्ती केलेली नाही. आपणच दावं सोडून हातात दिलं.

माझीही चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मी राजस्थानकडचा एक सिरोही बोकड आणला. उंच, देखणा, लांब कानांचा. सगळे बघायला आले. पण तो कोरड्या मुलखातला. आपल्या पावसात त्याचे खूर सडले, खोकला लागला, आणि पोळ्याच्या आत तो गेला. मी अंग बघितलं, तो वाढला कुठं ते बघितलं नाही. आपल्या डोंगरात, आपल्या पाल्यावर जो चांगला वाढला, तोच आपला.

तो कसा ओळखायचा? आधी आई बघा. जुळी देणारी, दोन्ही करडांना पुरेल एवढं दूध असणारी शेळी हवी. तिचं करडू तीन महिन्यांचं झालं की ताणकाट्याला टांगा, पुन्हा सहा महिन्यांनी आणि नऊ महिन्यांनी टांगा. डोळ्याला फसवता येतं, काट्याला नाही. मग पाठीवर हात ठेवा, खाटीक ठेवतो तसा. कंबर रुंद, मांडी भरलेली, पाय सरळ, दोन्ही वृषण सारखे. मटण कंबरेवर आणि मांडीवरच असतं. वर्षाच्या आतला बोकड लावू नका. पंचवीस-तीस शेळ्यांना एक पुरतो. दोन वर्षांनी तो बदला, कारण तोवर त्याच्याच पाठी माजावर येतात. बाकीचे नर दोन-तीन महिन्यांत पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन खच्ची करून घ्या. खच्ची बोकड अंग चांगलं धरतो आणि त्याच्या मटणाला उग्र वास येत नाही.

हे सगळं मी एका गटाला शिकवलं होतं. एका ताईकडे असाच बोकड निघाला. जुळ्यातला, वजनात पहिला. तो ठेवायचा असं ठरलं. पण तिच्या मुलाला न्यूमोनिया झाला आणि तिनं बोकड विकला. बैठकीत मी तिला बोललो. ती म्हणाली, "दादा, बोकड थांबला असता, ताप थांबला नसता."

मी गप्प झालो. चांगला बोकड ओळखणं तिला येत होतं, माझ्याहून बरं येत होतं. पण सगळ्या पाड्याचं बियाणं एकटीनं का सांभाळायचं?

आता त्या गटातल्या पंधरा घरांनी मिळून दुसऱ्या पाड्यावरून बोकड विकत घेतला आहे, व्यापारी देतो त्याच भावानं, वजन करून. तो त्या ताईच्याच दारात बांधला आहे. शेळी लावायला नेली की खुराकासाठी ठरलेले पैसे द्यायचे. त्याला एकटीनं विकता येत नाही. घरात आजारपण आलं तर गट उसने देतो, बोकड जागेवर राहतो.

पाच महिन्यांनी पहिली करडं आली. त्यांची वजनं त्या ताईनं भिंतीवर कोळशानं लिहिली आहेत. खरा निकाल त्यांच्या पोरांच्या वेताला कळेल, म्हणून आज मी मोठं काही सांगत नाही.

घरी जाऊन एवढंच करा. कळपात उभं राहा आणि सगळ्यांत चांगला नर कोणता ते बघा. त्याला कोणी मागायला यायच्या आत गटाची बैठक बोलवा.

जोहार.