बंद पडल्यावरचे काम





अणुवीज केंद्रातल्या ऑपरेटरांची परिषद बऱ्हाणपुरात कशाला, असे मला पुष्कळांनी विचारले. त्यांना मी नदी दाखवली. मुलताईला उगम पावलेली तापी राजघाटाच्या या पायऱ्यांना लागून जळगावकडे जाते, हतनूर आणि उकाई धरणे मागे टाकून काकरापारच्या बंधाऱ्याला पोचते. तिथल्या कालव्याचे पाणी मोतीचेर तलावात येते आणि तेच काकरापार अणुवीज केंद्राच्या कामी येते. समोरच्या पात्रातला दगडी हत्ती पाण्याखाली जाऊ लागला की आम्ही काठावरची माणसे सावध होतो. पूर तिकडेही ठाऊक आहे. जून १९९४ मधल्या अतिवृष्टीत तलावाचे पाणी चढून केंद्राच्या टर्बाइन इमारतीत शिरले होते. अणुभट्टी तेव्हा बंद होती. तरीही ती रात्र ज्यांनी काढली, त्यांना बंद भट्टीचीही काळजी का वाहावी लागते हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आज मला बोलायचे आहे ते याच काळजीबद्दल. माझी उमेदीची सगळी वर्षे कंट्रोल रूममध्ये गेली. तरी गावात कुणी विचारले की, 'तिथे करता काय?', तर पटकन सांगता येत नसे. या शहरात मागाचा खटका दाबला की धोटा जागीच थांबतो, कामगार घरी जातो. अणुभट्टीचे तसे नाही. ट्रिप होऊन ती बंद पडली, साखळी प्रक्रिया थांबली, तरी इंधनात साठलेल्या किरणोत्सारी द्रव्यांची उष्णता चालूच राहते. पहिल्या क्षणी ती पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के असते. दिवसभराने अर्ध्या टक्क्यावर येते. अर्धा टक्का म्हणजे किरकोळ, असे वाटेल. पण ७०० मेगावॉट वीज देणाऱ्या भट्टीची उष्णता त्याच्या सुमारे तिप्पट असल्याने तो दहा मेगावॉटच्या घरात जातो आणि सतत पाणी फिरवूनच काढावा लागतो. ११ मार्च २०११ रोजी फुकुशिमाच्या चालू भट्ट्या भूकंप होताच ठरल्याप्रमाणे बंद झाल्या होत्या. घात झाला तो नंतर, त्सुनामीने डिझेल जनरेटर निकामी केले तेव्हा.

बरोबर पाच वर्षांनी, ११ मार्च २०१६ ला, काकरापारच्या पहिल्या भट्टीत एका शीतक वाहिनीतून जड पाणी गळू लागले. भट्टी आपोआप बंद झाली, केंद्रापुरती आणीबाणी जाहीर झाली आणि ती २१ मार्चला उठली. मधले दहा दिवस इंधन थंड ठेवणे, गळणारी वाहिनी शोधणे आणि ती वेगळी काढणे चालू होते. आपल्या कामाची बातमी होते ती असल्या दिवसांत. एरवी शिफ्ट हाती घेताना लॉगबुक ओळीओळीने वाचणे, पॅनलपुढून सावकाश फिरणे, जाणाऱ्या सोबत्याला 'हा अलार्म कधीपासून आहे?' असे विचारणे, यात दिवस जातो. चालू भट्टीत वाहिनीच्या दोन टोकांना दोन इंधनयंत्रे लागतात, एक इंधनाचे नवे गठ्ठे आत ढकलते आणि दुसरे वापरलेले बाहेर घेते, तेव्हा खोलीत कुणी उगाच बोलत नाही. परीक्षा, तोंडी चाचण्या आणि सिम्युलेटर पार करून मिळालेला परवानाही कायमचा नसतो. मुदत संपली की पुन्हा सिद्ध व्हावे लागते, आणि ते योग्यच आहे.

काकरापारच्या ७०० मेगावॉटच्या तिसऱ्या भट्टीत २२ जुलै २०२० रोजी साखळी प्रक्रिया सुरू झाली. तिथे पंप थांबले तरी पाण्याच्या नैसर्गिक अभिसरणाने बंद भट्टीत उरलेली ही उष्णता काढण्याची सोय आहे. पंपाविना चालणारी अशीच एक जुनी सोय, कुंडी भंडारा, दुपारी तुम्हांला आम्ही दाखवणार आहोत. १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानांच्या कारकिर्दीत, सातपुड्याच्या पायथ्याचे भूजल निव्वळ उतारावरून शहरात आणले गेले. कुंड्या आतून भुयाराने जोडलेल्या आहेत आणि पाणी अजून वाहते. उपसणारे यंत्र नाही तिथे साफसफाई करणारा माणूस लागतोच. खाली उतराल तेव्हा भिंतींवर बसलेला चुन्याचा थर जरूर पाहा.

या भागातली आयटीआयची आणि डिप्लोमाची मुले आज मागच्या रांगांत बसली आहेत. त्यांना भरतीच्या परीक्षेबद्दल सांगाच, पण रात्रपाळीबद्दलही सांगा. सण चुकतात, पहाटे तीनला डोळे जड होतात, हे लपवू नका. म्हणूनच पहिले सत्र शिफ्ट आणि झोप या विषयावर ठेवले आहे. त्यात तरुण ऑपरेटरांनी आधी बोलावे, आम्ही निवृत्तांनी नंतर, अशी स्वागत समितीची विनंती आहे. जेवणात इथली मिठाई, दराबा, आहे. अध्यक्षमहोदयांनी परिषदेचे काम सुरू करावे.