पंप हवा खातोय
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



"सॉफ्टवेअरवर काहीतरी बोल," असा संयोजकांचा आग्रह होता. पण संगणकाबद्दल तुमची मुलंच तुम्हाला जास्त सांगतील. मी पुण्यातल्या घराच्या पार्किंगमध्ये गाडीचा इनटेक मॅनिफोल्ड बदलला, त्याबद्दल बोलणार आहे. त्यात वारूळवाडीच्या विहिरी आहेत आणि शाळेतला वायुदाबाचा धडाही आहे.

माझी गाडी जुनी, दोन लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची, वेगाच्या हौसेनं घेतलेली. सिग्नलला उभी राहिली की थरथरायला लागली. इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि स्कॅनरनं पी २०१५ हा कोड दाखवला. गॅरेजनं सांगितलेला खर्च ऐकून घरात गाडी विकायची बोलणी सुरू झाली.

इनटेक मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाची श्वासनलिका. फिल्टरमधून आलेली हवा ती चार सिलिंडरना वाटून देते. माझ्या गाडीत ती प्लॅस्टिकची आहे. प्रत्येक नळीत एक झडप असते. कमी वेगाला ती अर्धवट मिटून हवेला घुसळते. झडपांचा दांडा झिजला की तिची जागा आणि संगणकाचा हिशोब जुळत नाही. पी २०१५ चा अर्थ तोच. पण नुसत्या कोडवरून भाग बदलायचा नसतो. म्हणून मी नळीत हलक्या दाबानं धूर सोडून पाहिला. मॅनिफोल्ड जिथं इंजिनाला बसतो, त्या सांध्यातूनही धूर बाहेर येत होता.

आमचे आप्पा शेजारी खुर्चीवर बसून बघत होते. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजव्या हाताची पकड गेली, शेत बटाईनं दिलं आणि ते माझ्याकडे राहायला आले. धूर बघून ते म्हणाले, "पंप हवा खातोय तुझा."

आपल्यापैकी निम्म्या जणांनी हे विहिरीवर पाहिलंय. मोटर फिरते, पण पाणी येत नाही. सक्शन पाइपाच्या सांध्याला बारीक चीर असते. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण खरं तर बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. म्हणून पंप पाण्यापासून सात-आठ मीटरांपेक्षा फार वर ठेवून चालत नाही. इंजिनाचंही तसंच. गाडी उभी असताना मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या हवेच्या साधारण एक तृतीयांश असतो. चीर दिसली की हवा आत घुसते. एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा हा हिशोब मोडतो आणि इंजिन थरथरतं. "आम्ही सांध्यावर ओला चिखल लिंपायचो," आप्पा म्हणाले. "पाणी धरलं की चोर सापडला."

नवा मॅनिफोल्ड मागवला आणि दोन रविवार काम केलं. इंजिन रात्रभर गार होऊ दिलं, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली, मॅन्युअलप्रमाणे इंधनाचा दाब उतरवला. हा टप्पा कुणी गाळू नका. अशा इंजिनात इंजेक्टरच्या पाइपातला दाब शंभर बारच्या पुढे जातो. पुठ्ठ्यावर मॅनिफोल्डची आकृती काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचला. खालच्या आधारपट्टीचा बोल्ट नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हता. आप्पांनी डाव्या हातात आरसा धरला आणि मी त्यात बघून पाना लावला.

मॅनिफोल्ड निघाल्यावर चार तोंडं उघडी पडतात. आमच्या धंद्यात चुकीची ओळ पुसता येते. इथं एक वॉशर आत पडला तर इंजिन संपलं. म्हणून चारही तोंडांत स्वच्छ फडकी कोंबली. मोजायचं काम आप्पांचं. आत चार, बाहेर चार. एकेका तोंडाचे व्हॉल्व्ह बंद असताना त्यांच्या पाठीवरची काजळी ब्रशनं काढली. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत, म्हणून ती साचते.

बसवताना गॅस्केट नवीन घेतलं. बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, दोन फेऱ्यांत, टॉर्क रेंचनं आवळले. आवळायला मी जोर लावते आहे असं वाटून आप्पा लगेच म्हणाले, "पोरी, प्लॅस्टिक आहे ते. बिडाची फ्लँज नाही."

आजारपणानंतर आप्पांना घरात दोनच प्रश्न यायचे. गोळी घेतली का? जेवण झालं का? त्या दोन रविवारी त्यांना कामाचे प्रश्न आले आणि त्यांची उत्तरं त्यांच्याकडे होती. गाडी सुरू झाली, काटा स्थिर झाला. त्यांनी बॉनेटवर डावा हात ठेवला आणि म्हणाले, "पाणी धरलं." गाडी विकायचा विषय तिथंच संपला. आता रविवारी सोसायटीतले लोक गळका नळ, पाण्याची मोटर घेऊन त्यांना विचारायला येतात.

मित्रांनो, आपल्या प्रत्येकाच्या घरी असं एक माणूस आहे. कुणाला द्राक्षाची छाटणी कळते, कुणाला मोटरचं वाइंडिंग. हात थांबले तरी ते ज्ञान थांबलेलं नसतं. त्यांच्या प्रकृतीची चौकशी कराच, पण त्यांना एखादं अडलेलं कामही विचारा.

जुना मॅनिफोल्ड मी उभा कापून आणला आहे. आतल्या झडपा बोटानं हलवून बघता येतात. वायुदाबाचा धडा शिकवताना मुलांच्या हातात द्यायला तो आज शाळेच्या विज्ञान विभागाकडे सोपवते.